पाट, रेडिओ आणि व्हॉट्सॲप : साधन दारात आले, पण हिस्सा कोणाचा?



बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या कोणत्याही गावात जा आणि शाळकरी मुलांच्या आईवडिलांना विचारा, "शाळेचा ग्रुप आहे का?" उत्तर बहुतेक 'आहे' असंच येईल. कोरोना गेला, शाळा उघडल्या, पण व्हॉट्सॲपचा ग्रुप राहिला. गृहपाठ ग्रुपवर, सुट्टीची सूचना ग्रुपवर, स्वाध्यायाची पीडीएफ ग्रुपवर, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीखही ग्रुपवर. कॉलेजात तर नोट्स आणि प्रश्नसंच तिथेच मिळतात. थोडं वर्गात, थोडं मोबाईलवर अशा या पद्धतीला आता 'ब्लेंडेड लर्निंग' म्हणजे मिश्र शिक्षण असं नाव मिळालं आहे.

वालचंदनगरच्या बाजूच्या एका वस्तीवर आम्ही संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. तिथे आठवीतली एक मुलगी येते. घरात स्मार्टफोन एकच, तोही वडिलांचा. वडील सकाळी कामाला जातात तेव्हा फोन त्यांच्या खिशात जातो आणि रात्री साडेआठला घरी येतो. तोपर्यंत चार्जिंग संपलेलं असतं, कधी रिचार्ज संपलेला असतो. मग फोन आधी मोठ्या भावाच्या हातात जातो. दुसऱ्या दिवशी वर्गात ती गृहपाठ न करता जाते आणि तिला एकच वाक्य ऐकायला मिळतं, "ग्रुपवर टाकलं होतं ना?"

या एका वाक्याने जबाबदारी शाळेच्या खांद्यावरून उतरून त्या मुलीच्या खांद्यावर येते. पाठवणाऱ्याचं काम पाठवलं की संपलं. पोचलं की नाही, कळलं की नाही, हा तिचा प्रश्न.

आपल्या कार्यकर्त्यांमध्ये याबद्दल दोन मतं दिसतात. काही मित्र म्हणतात, तंत्रज्ञानाला जात नसते. मोबाईलने ब्राह्मणी मक्तेदारी मोडली, आता ज्ञान सगळ्यांना खुलं झालं. दुसरे म्हणतात, हा सगळा शाळा बंद पाडण्याचा डाव आहे, मोबाईलवरच्या शिक्षणाला सरळ विरोध करा. दोन्ही मतांत थोडं थोडं खरं आहे. पण आपल्या चळवळीचा इतिहास नीट वाचला तर तिसरी गोष्ट दिसते. साधन नवं असो वा जुनं, ते आपल्या उपयोगी पडलं तेव्हा त्याच्यासोबत दोन गोष्टी होत्या : बसायला हक्काची जागा आणि समजावून सांगणारा माणूस. या दोन गोष्टी काढून घेतल्या की दारात आलेलं साधनही दुसऱ्याचंच राहतं.

पाट आला, पाणी कोणाला मिळालं?

आपल्या भागापासूनच सुरुवात करू. नीरा डावा कालवा १८८५ साली पूर्ण झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून त्याची खोदाई सुरू झाली होती. पुरंदर, तेव्हाचा भीमथडी तालुका म्हणजे आजचा बारामतीकडचा भाग, आणि इंदापूर असा हा पाट गेला. आज बारामती-इंदापूरचा जो ऊस, जे साखर कारखाने आणि जी श्रीमंती राज्यभर सांगितली जाते, तिचा पाया या पाटाच्या पाण्यात आहे.

पण पाटाचं पाणी जमिनीला मिळतं. ज्याच्या नावावर जमीन, त्याच्या शेतात चारी. महारवाड्याच्या वाट्याला वतनाची जमीन आणि त्या बदल्यात गावकीची वेठबिगार. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. म्हणजे पाट आल्यानंतर सत्तर वर्षांहून जास्त काळ. दुष्काळी कामावर माती वाहणारे हात भूमिहीनांचे, आणि पाण्याचे मालक वेगळे. शिवाय सुप्याकडचा जिरायती पट्टा पाटाच्या वरच राहिला.

मोबाईलच्या रेंजचंही असंच आहे. टॉवर गावात आला म्हणजे नेट सगळ्यांना मिळालं, असं म्हणणं म्हणजे पाट गावातून गेला म्हणून सगळं गाव बागायती झालं असं म्हणण्यासारखं आहे. पाण्यासाठी जमीन लागत होती. नेटसाठी फोन लागतो, दर महिन्याचा रिचार्ज लागतो, घरात वेगळी खोली लागते, आणि फोन मुलीच्या हातात देण्याची घरच्यांची तयारी लागते.

धारवाडचं दार आणि बाबासाहेबांचा हिशेब

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाला नाकारण्यात आलं. शाळा सरकारी होती, पैसा रयतेचा होता, नियमात 'महारांना बंदी' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. तरी दार बंद राहिलं, कारण इतरांनी मुलं काढून घेतली तर शाळाच ओस पडेल अशी सरकारला भीती होती. मुंबई इलाख्यातल्या दलितांच्या शिक्षणाबद्दल सायमन कमिशनला १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे निवेदन देताना बाबासाहेबांनी हा जुना इतिहास मांडला. कागदावर सर्वांसाठी खुली असलेली सोय व्यवहारात कोणासाठी बंद असते, हे तपासण्याची ही आंबेडकरी पद्धत आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी एक हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. नीट पाहा, बाबासाहेब पटावरच्या संख्येवर समाधानी नव्हते. किती मुलांची नावं दाखल झाली यापेक्षा किती शेवटपर्यंत टिकली, हे ते मोजत होते. आज आपण काय मोजतो? ग्रुपमध्ये किती मेंबर, किती निळ्या टिका. हा पटाचाच हिशेब झाला, टिकण्याचा नव्हे.

आपलं मिश्र शिक्षण जुनंच आहे

'ब्लेंडेड लर्निंग' हा शब्द नवा असेल, पण त्यातलं तत्त्व आपल्या वाडवडिलांनी कधीच वापरलं आहे.

शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यातून १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' मासिक सुरू केलं. पुढे ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक', ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता', १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. ज्या समाजात वाचता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी होती, त्या समाजासाठी वर्तमानपत्र काढणं तर्काला धरून नव्हतं. तरी ती पत्रं पोचली. कशी? वस्तीत एक अंक यायचा. एक शिकलेला माणूस दिव्याच्या उजेडात मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे भोवती बसून ऐकायचे, मध्येच थांबवून विचारायचे, वाद घालायचे. छापील अंक मुंबईहून किंवा पुण्याहून यायचा, पण शिक्षण व्हायचं ते वस्तीच्या त्या बैठकीत. ज्यांना अंक पुरेसा नव्हता त्यांच्यासाठी १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे होते. लांबून आलेला मजकूर आणि जवळ बसलेला माणूस, असं ते मिश्रण होतं.

जागेचंही तसंच. बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ ला स्थापन झाली आणि तिने हाती घेतलेल्या पहिल्या ठोस कामांपैकी एक म्हणजे सोलापूरचं वसतिगृह, १९२५ मध्ये. इंदापूरच्या शेजारचाच जिल्हा. शाळा सोलापुरात होत्या, पण खेड्यातल्या महार-मांगाच्या पोराला शहरात राहायला खोली कोण देणार? बाबासाहेबांनी ओळखलं की शाळेचं दार उघडलं तरी राहायला छप्पर नसेल तर ते उघडं दार फुकट आहे. १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले. विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो ते आधी पाहिलं आणि वेळापत्रक त्याप्रमाणे बनवलं. वालचंदनगरच्या त्या मुलीचा फोन रात्री साडेआठला घरी येतो, हे लक्षात घेऊन गृहपाठ ठरवणारी शाळा आज किती ठिकाणी आहे?

पुण्याचा रेडिओ प्रयोग

आता एक असा प्रयोग सांगतो, जो आपल्याच जिल्ह्यात झाला आणि ज्याची आठवण व्हॉट्सॲपच्या चर्चेत कोणी काढत नाही.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने 'रेडिओ ग्रामसभे'सारखा एक प्रयोग केला. पुण्यासह पाच मराठी जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा नमुना समोर होता. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. गावातला एक गट एकत्र बसून तो ऐकायचा, नंतर त्यावर चर्चा करायचा, आणि शंका, ठराव केंद्राला लिहून कळवायचा. त्या शंकांना पुढच्या कार्यक्रमात उत्तर मिळायचं. मूल्यमापन टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने केलं. तुलनेसाठी जिथे रेडिओ होता पण असा गट नव्हता अशी गावं घेतली, आणि जिथे रेडिओच नव्हता अशीही घेतली.

निष्कर्ष आज प्रत्येक शिक्षकाने भिंतीवर लावावा असा आहे. जिथे गट बसत होता तिथे लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. जिथे नुसता रेडिओ होता तिथे फारसा फरक पडला नाही. म्हणजे शिकवणारं यंत्र दोन्हीकडे होतं. फरक पाडला तो एकत्र बसण्याने, बोलण्याने आणि उलट प्रश्न विचारण्याच्या सोयीने.

इथे आंबेडकरी वाचक म्हणून आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. गावाचा रेडिओ ज्या जागी ठेवला, तिथे महारवाड्यातला माणूस कुठे बसला? आत की पायरीखाली? त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर गावोगाव आपली बुद्धविहारं उभी राहत गेली. ज्याला गावच्या चावडीत मान नव्हता, त्याने स्वतःची बसायची जागा उभी केली. ही जागा फक्त वंदनेपुरती नाही, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचाच मुद्दा येणार आहे.

२०२० : ग्रुप सुरू, शाळा बंद

५ सप्टेंबर २०१६, शिक्षक दिनाच्या दिवशी जिओ बाजारात आलं आणि नेट स्वस्त झालं. साडेतीन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. एप्रिलपासून पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला सुरू केली. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून केंद्रप्रमुखांना, त्यांच्याकडून शिक्षकांना आणि शिक्षकांकडून पालकांच्या ग्रुपवर रोज अभ्यास जाऊ लागला. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून 'टिलीमिली' मालिका लागली. नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपवरचाच 'स्वाध्याय' उपक्रम आला : मोबाईलवर प्रश्न येणार, मुलाने पर्याय निवडायचा, निकाल लगेच. अनेक शिक्षकांनी या काळात मनापासून काम केलं, वस्तीवर जाऊन झाडाखाली मुलं बसवली. त्यांचं श्रेय नाकारायचं कारण नाही.

पण हिशेब बाबासाहेबांच्या पद्धतीने करू. 'असर' २०२० च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होतं. वाढ मोठी आहे. तरीही पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुलं सुमारे एक तृतीयांशच होती. ज्यांना मिळालं त्यांना मुख्यतः व्हॉट्सॲपवरून मिळालं. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित कुटुंबांत पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाईन शिकणारी मुलं फक्त ८ टक्के, आणि अजिबात न शिकणारी ३७ टक्के. त्यातही ग्रामीण दलित-आदिवासी मुलांमध्ये नियमित ऑनलाईन शिकणारी ४ टक्के, तर इतरांमध्ये १५ टक्के.

ही दरी पाहा. सगळी कुटुंबं गरीब वस्त्यांतलीच, तरी दलित-आदिवासी मुलं चौपट मागे. मग 'तंत्रज्ञानाला जात नसते' या वाक्याचं काय करायचं? यंत्राला जात नसेल. पण ते ज्या घरात जातं, त्या घराच्या उत्पन्नाला, जागेला आणि घरात शिकलेलं कोणी आहे की नाही याला जातीचा इतिहास असतो. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. घरात कोणी पदवीधर असेल तर पीडीएफ म्हणजे अभ्यास. नसेल तर ती नुसती फाईल.

ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून उघडायचं ठरलं. म्हणजे वीस महिने. पहिलीत नाव घातलेलं पोर शाळा न पाहता दुसरीच्या अर्ध्यात पोचलं. आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडीच्या कारखान्यांवर ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांची मुलं? त्यांच्या कोपीत वीज नाही, गावाकडच्या शाळेचा ग्रुप बीडमध्ये आणि मूल इंदापूरच्या फडात. ग्रुपमध्ये नंबर असूनही ते मूल कोणत्याच शाळेत नव्हतं.

'आता तर सगळ्यांकडे मोबाईल आहे'

हा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. 'असर' २०२४ प्रमाणे ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पण त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली ५७ टक्के, आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्के. फोन हातात आला की अभ्यास आपोआप होत नाही. पुणे रेडिओच्या प्रयोगाने जे १९५६ मध्ये सांगितलं, तेच हे आकडे पुन्हा सांगतात.

आणखी एक गोष्ट. व्हॉट्सॲप वापरायचं किमान वय कंपनीच्याच नियमाप्रमाणे १३ वर्षं आहे. म्हणजे सातवीपर्यंतची बहुतेक मुलं स्वतःच्या नावाने तिथे असूच शकत नाहीत. त्यांचं शिक्षण पालकाच्या फोनवर, पालकाच्या वेळेवर आणि पालकाच्या साक्षरतेवर अवलंबून राहणार. मग शिक्षणाच्या हक्काचं काय?

खरा धोका कुठे आहे?

मोबाईलचा वापर हा धोका नाही. मोबाईल आहे म्हणून जागा आणि माणूस काढून घेणं, हा धोका आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या मसुद्यात कोणत्याही विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाईन शिकवण्याची कल्पना आहे. राज्याच्या शिक्षण विभागाने २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा अशा शाळांची संख्या १४ हजारांच्या वर सांगितली गेली. या दोन गोष्टी एकत्र वाचा. वस्तीवरची शाळा लांब जाईल, कॉलेजचे तास कमी होतील, आणि मधली पोकळी 'ग्रुप' भरून काढेल असं सांगितलं जाईल. वसतिगृह कशाला, स्वाधारची रक्कम कशाला, शिक्षक कशाला, असे प्रश्न त्यानंतर येतील. आणि मुलगी मागे पडली की तिलाच विचारलं जाईल, "ग्रुपवर टाकलं होतं ना?"

मग आपण काय करायचं?

पहिलं, आपली विहारं संध्याकाळी उघडा. बारामती-इंदापूरच्या गावागावांत विहार आहे, समाजमंदिर आहे. तिथे रोज एक-दीड तास, कामावरून फोन घरी आल्यानंतरच्या वेळेला, अभ्यासिका चालवा. एक फोन, एक छोटा स्पीकर, आणि ग्रुपवर आलेल्या अभ्यासाच्या दोन छापील प्रती पुरतात. शिकलेल्या एका मुलाने किंवा मुलीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी विचारायचं. जे 'जनता'च्या अंकाचं होत होतं, तेच पीडीएफचं करा. आणि ही अभ्यासिका शेजारच्या मातंग, चर्मकार, पारधी, भटक्या वस्तीतल्या आणि कोपीवरच्या मुलांनाही खुली ठेवा.

दुसरं, प्रश्न उलट पाठवा. ग्रुप फक्त वरून खाली चालू देऊ नका. मुलांना जे कळलं नाही ते लिहून किंवा आवाजात रेकॉर्ड करून शिक्षकांना पाठवा. बहुतेक शिक्षक उत्तर देतात, त्यांना विचारणारं कोणी हवं असतं.

तिसरं, यादी करा. ग्रुपमध्ये कोण आहे यापेक्षा कोण नाही, हे वहीत लिहा. कोणाचा रिचार्ज नाही, कोणत्या मुलीला फोन मिळत नाही, कोण ऊसतोडीला गेलं.

चौथं, ही यादी घेऊन शाळा व्यवस्थापन समितीत जा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांना प्रमाणात जागा असते. आपल्या आयाबहिणी तिथे नुसत्या सहीपुरत्या बसू नयेत. मागणी साधी ठेवा : जो अभ्यास फक्त ग्रुपवर दिला, त्यावर कोणत्याही मुलाला शिक्षा किंवा गुणकपात नको, तो वर्गातही सांगा आणि फळ्यावरही लिहा.

आपण मोबाईल नाकारायचा नाही. बाबासाहेबांनी छापखाना नाकारला नाही, रेल्वे नाकारली नाही, इंग्रजी नाकारली नाही. पण त्यांनी वर्तमानपत्र काढलं तेव्हा वाचून दाखवणारे कार्यकर्ते घडवले, आणि शाळा मागितली तेव्हा वसतिगृहही उभं केलं. नीरेच्या पाटाच्या वेळी आपण हिस्सा मागायला संघटित नव्हतो. आज आहोत.

ती आठवीतली मुलगी सध्या रोज साडेसहाला विहारात येते. तिच्या वर्गाच्या ग्रुपवर आलेला अभ्यास आमच्यातल्या एका मुलाच्या फोनवर येतो, आणि मोठ्याने वाचायचं काम आता तीच करते. तुमच्या गावच्या विहाराची किल्ली कोणाकडे आहे? आज संध्याकाळीच जाऊन मागा.

जय भीम! जय संविधान!